इंजिनाचा खर्च कोण धरणार?

(जिल्हा बैठकीत कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून भावाचा ठराव झाला, कर्जाचा झाला, विजेचाही झाला. आता जेवणाआधीचा अर्धा तास आमच्या वाट्याला आला आहे आणि आम्ही बोलणार आहोत ट्रॅक्टरच्या तेलावर. एका कार्यकर्त्याने मघाशी विचारलेच, "साहेब, संघटना आता गॅरेज काढणार का?" गॅरेज काढायचे नाही. पण आत्ता आम्ही म्हटले, ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे त्यांनी हात वर करा, तर निम्म्या सभागृहाचे हात वर आले. मग विचारले, शेवटचे तेल किती तासांवर बदलले ते ज्यांना सांगता येईल त्यांचेच हात वर राहू द्या. चार हात उरले. म्हणून हा विषय.

भाव मागताना आपण ठणकावून सांगतो की आमचा उत्पादनखर्च भरून निघत नाही. खरे आहे ते. पण त्या खर्चातला जो भाग आपल्याच दारात उभा आहे, रोज आपल्या डोळ्यांदेखत झिजतो आहे, त्याची नोंद आपल्याकडे नाही. सरकार धरत नाही म्हणून आपण ओरडतो. आपण तरी कुठे धरतो?

बैलांच्या वेळी असे नव्हते. बैल थकला की तोंडाला फेस यायचा, मान टाकायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी व्हायची, तूप-हळदीने खांदे चोळायचे. गाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय बाजाराची वाट धरत नव्हतो, कारण वंगण संपले की चाक बोंबलायचे, सगळ्या गावाला कळायचे. इंजिन बोंबलत नाही. ते मुकाट झिजते आणि पेरणीच्या ऐन घातीवर बसते. खंडेनवमीला आपण ट्रॅक्टरला हार घालतो, बॉनेटवर कुंकवाचे पट्टे ओढतो, नारळ फोडतो. बॉनेट उघडून आत बघतो किती जण?

दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी आमचे सांगतो. शेतीची पदवी घेताना आम्हाला यंत्रांचा पेपर होता. चार स्ट्रोकच्या इंजिनाची आकृती काढून चांगले गुण मिळवले होते. आणि २०१४ च्या खरिपात आमच्या स्वतःच्या ट्रॅक्टरने तेल प्यायला सुरुवात केली. धुराड्यातून निळा धूर. अवर मीटरवर पुरते दोन हजार तासही झालेले नव्हते. बँकेचे हप्ते अजून निम्मे बाकी. मिस्त्रीने इंजिन खोलले, तर लायनर घासलेले, रिंगा पातळ झालेल्या. आम्ही म्हणालो, कंपनीचा माल खराब. मिस्त्री काही बोलला नाही. त्याने एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप काढला, आतून बोट फिरवले आणि ते बोट आमच्यासमोर धरले. बोटावर आमच्याच रानातली काळी माती होती. पाइपाला खालच्या अंगाला बोटभर चीर गेलेली, आणि क्लिप तुटल्यावर आमच्याच घरच्यांनी तिथे बांधणीची तार गुंडाळलेली. म्हणजे पुढे क्लीनर होता, पण हवा मागच्या दाराने जात होती. पाइप आणि क्लिप मिळून काही शेकड्यांचे काम. इंजिनाला ऐंशी हजारांच्या वर गेले. आणि सतरा दिवस ट्रॅक्टर गॅरेजात. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने, तीही घात निघून गेल्यावर. त्या उशिराने सोयाबीनचे किती गेले, ते कोणत्याच बिलात आले नाही.

पुस्तिका काढून पाहिली, तर मोफत सर्व्हिसच्या तीन रकान्यांत विक्रेत्याचे शिक्के होते. त्यातल्या दोन वेळी ट्रॅक्टर रानातच होता, दुकानाकडे गेलाच नव्हता. शिक्का त्यांनी मारला, पण खाली सही आमची होती. नुसती सही करायची सवय आपल्याला सात-बारापासून कर्जाच्या कागदापर्यंत लागलेली आहे, तीच इथेही.

हवेचे गणित

म्हणून पहिली गोष्ट हवेची, कारण आपल्या रानात इंजिन मरते ते बहुतेक धुळीने. एक लिटर डिझेल नीट जळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. प्रत्यक्षात डिझेल इंजिन त्याहून जास्तच ओढते. तासाला चार लिटर डिझेल जाळणारा ट्रॅक्टर दिवसभर रोटाव्हेटर मारतो, तेव्हा तो चाळीस-पन्नास हजार लिटर हवा दर तासाला आत घेतो, आणि ती हवा कुठली? त्याने स्वतःच उडवलेल्या धुळीतली. मळणीवर तर भुस्सा आणि धूळ दोन्ही. त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. पिस्टन आणि लायनर यांच्यामध्ये ते गेले की पॉलिश पेपरचे काम करतात.

जुन्या पद्धतीचा तेलातला एअर क्लीनर ज्यांच्याकडे आहे, त्यांनी त्याची खालची वाटी धुळीच्या कामात रोज उघडायची. खाली बोटाच्या पेराएवढा गाळ साचला असेल तर तेल फेकायचे, वाटी आणि जाळी डिझेलने धुवायची, खुणेपर्यंत नवे तेल भरायचे. खुणेपर्यंत म्हणजे खुणेपर्यंतच. जास्त भरले की इंजिन ते ओढून घेते. इंजिनातून काढलेले जळके तेल वाटीत ओतायची काटकसर पुष्कळ जण करतात. ती करू नका. त्यात काजळी आधीच भरलेली असते, धूळ धरायला त्यात जोर उरत नाही.

कोरडा, कागदी फिल्टर असेल तर त्याला टायरवर आपटू नका. आम्ही हे सगळीकडे पाहतो. आपटल्याने कागदाला न दिसणाऱ्या चिरा जातात. हवेने साफ करायचा तर कमी दाबाने आणि आतून बाहेर. त्याच्या आत दुसरा छोटा फिल्टर असतो, तो साफ करायचा नाहीच, ठरलेल्या वेळी बदलायचा. आणि फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या पाइपावर, प्रत्येक जोडावर, आठवड्यातून एकदा हात फिरवायचा. आमच्या ऐंशी हजारांत शिकलेला धडा तुम्हाला फुकट देतो आहोत.

तेल, पाणी, डिझेल

आता तेल. बहुतेक ट्रॅक्टरांना पहिले तेल पन्नास तासांना आणि पुढे दर अडीचशे तासांना बदलायला सांगितलेले असते. काही नव्या मॉडेलांना मुदत जास्त आहे. आपल्या पुस्तिकेत असेल ती खरी. लोक आम्हाला सांगतात, "तेल अजून घट्ट आहे, चालेल की." दुसरे सांगतात, "कालच टाकले आणि आज काळे झाले, दुकानदाराने फसवले." दोघेही चुकतात. डिझेल इंजिनात तेल काळे होणारच, कारण काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम. रंगावरून आणि बोटावर घासून तेलाचे आयुष्य कळत नाही. तेलात आम्ल मारणारी द्रव्ये घातलेली असतात, ती संपली की तेल दिसते तेल, पण राखण करत नाही. कळते ते फक्त तासांवरून.

पट्टी मात्र रोज बघा. सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, ट्रॅक्टर सपाटीवर असताना. तेल खाली गेले तर कारण शोधा. वर आले तर खूश होऊ नका, जास्त घाबरा. तेल आपोआप वाढत नाही; चेंबरमध्ये डिझेल तरी उतरते आहे किंवा पाणी तरी. पट्टीवर दुधाळ, ताकासारखे दिसले तर पाणीच. त्या दिवशी किल्ली फिरवू नका. बदलताना इंजिन गरम असताना तेल सोडा, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघतो. आणि फिल्टर त्याच वेळी बदला. नवे तेल जुन्या फिल्टरमधून फिरवणे म्हणजे आंघोळ करून मळके धोतर नेसणे.

हिशोब करा. तासाला चार लिटर धरले, तर अडीचशे तासांत आपण हजार लिटर डिझेल जाळतो. २०२४-२५ मध्ये आपल्याकडे डिझेल लिटरला नव्वद रुपयांच्या आगेमागे होते, म्हणजे नव्वद हजारांचे डिझेल. ते आपण मुकाट्याने भरतो. आणि त्या नव्वद हजारांच्या शेवटी सहा-आठ लिटर तेल आणि एक फिल्टर घ्यायची वेळ आली की म्हणतो, "एवढे नांगरट सीझन निघून जाऊ दे."

पाण्याचे थोडक्यात सांगतो. रेडिएटरमध्ये विहिरीचे जड पाणी ओतले की आत पाण्याच्या हंड्याला धरतो तसा क्षार धरतो. पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच वापरा. मळणीनंतर जाळीतला भुस्सा इंजिनाच्या बाजूने बाहेर असा धुऊन काढा. बाहेरून पाणी मारले तर तो आत जाऊन बसतो. फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबला तर अर्धा इंच दबावा, जास्त नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडून भाजलेले हात आम्ही पाहिले आहेत. आणि उन्हाळ्यात मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतो, "इंजिन थंड राहील" म्हणतो, त्याला नाही म्हणा. डिझेल इंजिनाला तापणे जसे वाईट तसे थंड चालणेही वाईट. थंड इंजिनात डिझेल अर्धवट जळते, ते लायनर धुऊन खाली तेलात उतरते. तापत असेल तर जाळी, पट्टा, पंप पाहा. थर्मोस्टॅटने काही गुन्हा केलेला नसतो.

डिझेलमधले पाणी आणि कचरा हा तिसरा शत्रू. डिझेल पंप आणि नोझलमधले भाग इतके काटेकोर बसवलेले असतात की त्यांच्यातली फट केसाच्या जाडीहून कितीतरी पटींनी कमी असते. त्यात आपण गंजक्या कॅनमधून, उघड्या नरसाळ्याने डिझेल ओततो. डिझेल निवळू द्या, कॅनचा तळ ओतू नका. टाकी संध्याकाळी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्री दव धरते आणि सकाळी ते पाणी होऊन तळाला बसते. फिल्टरखालची चावी सोडून ते पाणी रोज काढायला अर्धा मिनिट लागतो. पंपाचे सील तोडून डिझेल वाढवणारे कारागीर गावोगाव आहेत. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे तरुण तर हौसेने करून घेतात. ताकद वाढल्यासारखी वाटते, मागे काळा धूर पडतो. तो काळा धूर म्हणजे न जळलेले, पैसे दिलेले डिझेल. (त्याच ट्रॅक्टरवर बॅटरी पिऊन टाकणारे मोठे भोंगे बसवलेले असतात. इंजिनाला काही आवाज आला तरी चालकाला ऐकू यायचा नाही, ही त्यात सोय.)

एक सूचना नव्या ट्रॅक्टरवाल्यांना. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम लागू झाले, त्यांना ट्रेम-४ म्हणतात. यातल्या बहुतेक इंजिनांत डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो आणि फवारणी संगणक ठरवतो. आपला गावचा मिस्त्री चालू इंजिनात एकेका नोझलचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते बघतो. नव्या इंजिनावर हे कोणालाही करू देऊ नका. त्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते; जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवावा लागतो.

वही आणि दर

आता ज्यासाठी हे सगळे सांगितले तिकडे येतो. आपल्यातले पुष्कळ जण स्वतःचे रान झाल्यावर शेजाऱ्याचे भाड्याने करतात. एकरी दर कसा ठरतो? पारावर ठरतो. पलीकडच्याने शंभर कमी सांगितले की आपण पन्नास आणखी उतरवतो. डिझेल सुटले, चालकाची मजुरी सुटली, वर चार पैसे हातात राहिले की आपण म्हणतो धंदा झाला.

जरा मांडून पाहू. सात लाखांचा ट्रॅक्टर धरा. हिशोबाच्या पुस्तकांत त्याचे आयुष्य दहा हजार तास धरतात आणि शेवटी दहा टक्के किंमत उरते असे मानतात. सहा लाख तीस हजार भागिले दहा हजार, म्हणजे तासाला त्रेसष्ट रुपयांचा ट्रॅक्टर आपण खर्ची घालतो. डिझेल वेगळे, व्याज वेगळे. आता तेल-फिल्टरला अडीचशे तासांनी चार हजार लागतात असे समजा, तर तासाला सोळा रुपये. हे सोळा रुपये वाचवले आणि इंजिन सहा हजार तासांतच निकामी होऊन ट्रॅक्टर कवडीमोलाने विकावा लागला, तर त्रेसष्टचे एकशे पाच होतात. सोळा वाचवून बेचाळीस घालवले. तुमचे आकडे वेगळे असतील, भागाकार हाच राहील.

मग ते 'वर राहिलेले चार पैसे' काय होते? ते इंजिनच होते. आपण आपला ट्रॅक्टर तासातासाने शेजाऱ्याला विकत होतो, आणि त्यालाच नफा समजत होतो. कांदा खर्चाच्या खाली विकायला लावतात म्हणून आपण रस्त्यावर उतरतो. नांगरट खर्चाच्या खाली विकायला कोणी लावले?

इथे कोणी म्हणेल, दर वाढवला तर ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्या दोन एकरवाल्याचे मरण. प्रश्न बरोबर आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. दोन एकरवाल्याला नांगरट स्वस्त मिळते ती शेजाऱ्याच्या कर्जाच्या हप्त्यातून. तो शेजारी तीन वर्षांनी थकबाकीत गेला की गावात ट्रॅक्टर राहत नाही, आणि मग दर बाहेरचा माणूस ठरवतो. खरी नांगरट ज्या किमतीला पडते ती दोघांच्याही खर्चात दिसली पाहिजे, म्हणजे ती मालाच्या भावात मागता येईल. कृषिमूल्य आयोगाच्या खर्चाच्या व्याख्येत यंत्राचे भाडे आहे, यंत्राचा घसाराही आहे. हे आकडे निवडलेल्या शेतकऱ्यांकडून गोळा होतात, कृषी विद्यापीठांची माणसे घरी येऊन विचारतात. त्या वेळी आपण काय सांगतो? "डिझेलला एवढे गेले, बाकी घरचाच ट्रॅक्टर आहे." घरचाच! तिथेच आपला भाव खाली येतो, दिल्लीला जायची गरज पडत नाही.

सरकारचीही गंमत पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आणला. चांगले केले, आम्ही नाही म्हणत नाही. पण ट्रॅक्टर एकदा घेतो, तेल वर्षातून दोन-तीनदा, आणि इंजिन ऑइलवर अठरा टक्के तसेच राहिले. व्यापारी आपल्या खरेदीवरचा कर वळता करून घेतो. शेतकऱ्याला ती सोय नाही. त्याने भरलेला कर त्याच्या मालात मुरतो. ही मागणी आपल्या ठरावात आज नाही. पुढच्या बैठकीत घालायची असेल तर मागे आकडे हवेत, आणि आकडे वहीत असतात.

आमच्या घरी २०१५ पासून ती वही वहिनी लिहितात. शंभर पानी साधी वही आहे, भिंतीला खिळ्यावर टांगलेली. तारीख, सकाळचा मीटर, संध्याकाळचा मीटर, डिझेल, काम कोणाचे, तेल कधी. शिकलेले आम्ही, पण लिहिण्याचा कंटाळा आम्हालाच. एका रब्बीत वहिनींनीच विचारले, "भाऊजी, तेच रान, तोच रोटाव्हेटर, मग तासाला पाऊण लिटर डिझेल जास्त का?" आम्हाला वाटले चालक कॅन पळवतो. निघाले काय, तर एक नोझल टपकत होते. ते वेळेवर कळले नसते तर पिस्टन गेला असता, आणि बिचाऱ्या चालकाचे नाव खराब झाले असते ते वेगळेच.

चालकाचेही एक सांगायचे राहिले. एकरावर पैसे मिळणारा चालक वाटी धुवायला थांबणार नाही, त्याला थांबणे परवडत नाही. सकाळच्या अर्ध्या तासाची मजुरी वेगळी द्या आणि पट्टी, पाणी, एअर क्लीनर, डिझेलचे पाणी एवढे त्याच्याकडून करून घ्या. पहिले पंधरा दिवस शेजारी उभे राहा.

जेवणाची वेळ झाली आहे, वाढपी दारात येऊन उभे आहेत. एवढेच काम देतो: आज घरी गेल्यावर, अंधार पडला असला तरी, बॅटरी घेऊन अवर मीटरचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि शेवटचे तेल कधी बदलले ते आठवत नसेल तर त्यासमोर 'माहीत नाही' असे लिहा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. तालुकाप्रमुखांनी प्रत्येकाचे तास, डिझेल आणि तेलाचा खर्च एका कागदावर उतरवून आणायचा आहे. जिल्ह्याचा एकरी नांगरटीचा खर्च आपण इथेच बसून काढू.